एकशे विसावा माणूस

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणीच ठेवलेला नाही. माझ्या बायकोने तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या कशावरच ठेवलेला नाही. पण लघवीच्या तपासणीसाठी आपापली बाटली घेऊन या बाकावर बसलेल्या तुम्हा चार सभ्य गृहस्थांशी खोटं बोलून मला काय मिळणार?

मी परवाना कार्यालयात आवक-जावक कारकून होतो. येणाऱ्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर शिक्का. निवृत्तीला आठ महिने उरले होते. अशात आमच्या साहेबांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी त्यांना मूत्रपिंडांचं काम तासभर समजावून सांगितलं आणि साहेब तिथून सुजलेल्या पायांनी थेट कार्यालयात आले.

"मूत्रपिंडं दिवसाला एकशेऐंशी लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात," साहेबांनी सभेत सांगितलं. "चांगलं-वाईट बघत बसत नाहीत. सरसकट बाहेर! मग त्यातलं शरीराला हवं ते परत आत ओढून घेतात. उरतं दीड लिटर. तेवढंच टाकाऊ. आणि आपण? तीस वर्षं टाकाऊ कागद शोधतोय. एक सापडला नाही!"

"पण साहेब, परत किती घ्यायचं ते ठरवतं कोण?" हेडक्लार्कनी विचारलं.

"अंगात पाणी कमी झालं, की मेंदूकडून निरोप येतो, धरून ठेवा. जास्त झालं, की निरोप बंद. जाऊ द्या."

"म्हणजे तिथेही वरून निरोप आल्याशिवाय काही हलत नाही," हेडक्लार्क समाधानाने म्हणाले, आणि पद्धत मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फायली अंगणात. ज्याला जी लागेल ती त्याने परत न्यावी, असं परिपत्रक. संध्याकाळपर्यंत सगळ्याच्या सगळ्या परत आल्या. वाळवीने निम्म्या खाल्लेल्यासुद्धा. कारण फाईल गेली तर टेबल जाईल, हे कुणाला कळत नाही? शिवाय गडबडीत शेजारच्या कार्यालयाची दोन कपाटंही आत आली.

"सूज वाढली," साहेबांनी निदान केलं. "कागद नाही, माणसं गाळली पाहिजेत."

दुसरं परिपत्रक निघालं. कर्मचाऱ्यांनी रोज सकाळी फुटपाथवर उभं राहावं. आतून कुणी सकारण लेखी गरज कळवली, तरच आत यावं. साहेब आणि हेडक्लार्क मात्र आतच राहणार. कारण रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं गाळणीतून जात नाहीत, गेली तर तो आजार. लेखापालांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून "मग मीही नियमात बसतो, साहेब," असा अर्ज केला. तो फेटाळला गेला.

साहेबांसह आम्ही होतो एकशे वीस. एकशेऐंशी लिटरला दीड, तर एकशेवीस माणसांना किती? साहेबांनी फळ्यावर त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं एक. तो एक शनिवारी कायमचा घरी जाणार होता.

लोकांनी लगेच जोड्या लावल्या. तू मला बोलाव, मी तुला. माझी जोडी टायपिस्टबाईंशी होती. शुक्रवारी त्या म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुमच्या नावापुढे कारण काय लिहू? दोन दिवस विचार करतेय."

मला झोपच लागेना. आठ महिन्यांसाठी सगळी नोकरी टाकाऊ ठरणार होती.

शनिवारी दुपारी बारापर्यंत एकेक करून सगळे आत गेले. फुटपाथवर मी एकटा. टाकाऊ काय उरलं ते डोळ्यांनी बघावं म्हणून साहेब स्वतः खाली उतरले. "अखेर निचरा झाला!" म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. तेवढ्यात आत एक पत्र येऊन पडलं, आणि शिक्का कुठे असतो ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडक्लार्कनी खिडकीतून चिठ्ठी फडकवली, "आवक-जावक! आधी आत या!"

मी धावलो. मागे चौकीदाराने दार लावलं.

"अरे, मी राहिलोय!" साहेब बाहेरून ओरडले.

"आतून लेखी गरज लागते, साहेब. तुमचंच परिपत्रक."

मी कागद-पेन घेऊन हॉलभर फिरलो. "साहेब कुणाला हवेत?" माणसं विचारात पडली.

"हवेत तसे," लेखापाल म्हणाले. "पण आजच?"

"सह्या तर गेली चार वर्षं मीच करतोय," हेडक्लार्क म्हणाले. "कारण काय दाखवणार?"

मग? मग काय, खिडकी उघडीच होती. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. तो एक मीच." आपला डबा मागवून घेतला आणि शांतपणे घरी चालते झाले.

"खोटं!" बाकाच्या टोकाला बसलेले निवृत्त मुख्याध्यापक ताडकन उठले. "साफ खोटं! अंगणातल्या फायली पटल्या. लेखापालांचं पोट पटलं. पण 'तो एक मीच' असं कोण म्हणतं हो? शाळेत शेवटची सात वर्षं मला कुणी कशालाही बोलावलं नव्हतं. मी गेलो का उठून? तुम्ही गेला असतात? या बाकावरचा एक तरी गेला असता?"