‘उगाच’ या शब्दाचे हृदयावर होणारे परिणाम

रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर डोके ठेवून झोपलेले कुत्रे.

भांड्यांच्या साबणाने अंघोळ घातलेले टोमॅटो, गॅलरीत ओळीने वाळत.

एका गृहस्थाने सख्ख्या भावाला जिन्यातच हात हलवून निरोप दिला. भाऊ नुकताच आला होता.

पित्ताच्या गोळ्यांचा खप दुप्पट. (कारण कोणी विचारले नाही.)

हृदयरोग विभागाच्या अभिनंदनाचा ठराव, एकमताने मंजूर.

माणसाने कधी मरावे हे त्याच्या हातात नसते, हे सर्वमान्य आहे. परंतु कशाने मरू नये, याबाबत साथीच्या काळात प्रशासनाचे निश्चित धोरण असावे लागते. धोरण साधे होते. साथ आहे तोवर आजार एकच, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावे. त्याप्रमाणे पोटे थांबली. दात थांबले (कुरकुर करत). गुडघे तर आधीपासूनच थांबलेले होते. फक्त हृदय या अवयवाला सार्वजनिक शिस्त नाही, कारण ‘थांबा’ म्हटल्यावर त्याला त्याचा एकच अर्थ कळतो.

हे धोरण घरोघरी नेणारा आवाज बसस्थानकावरून निवृत्त झालेल्या एका उद्घोषकांचा होता. गाडी रद्द झाल्याचे ते अशा घरंदाज सुरात सांगत, की प्रवासी जाताना त्यांचे आभार मानत. लांबलचक वाक्य एका दमात म्हणणे ही त्यांची खासियत. मार्गावरचे सगळे थांबे ते एका श्वासात घेत आणि शेवटच्या गावालाही पहिल्याइतकाच मान मिळे.

आरोग्य अधिकाऱ्यांनी लिहून दिलेल्या घोषणेत मूळ शब्द होता ‘विनाकारण’. ध्वनिमुद्रणाच्या वेळी उद्घोषकांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर बदलला.

“साहेब, विनाकारण कोणी ऐकत नाही,” ते म्हणाले. “उगाच म्हणू या. उगाच सगळे ऐकतात.”

हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. ‘विनाकारण’शी वाद घालता येतो, कारण दाखवले की माणूस सुटतो. ‘उगाच’पुढे कारण चालत नाही. लहानपणी रडताना, तरुणपणी भांडताना आणि म्हातारपणी कण्हताना माणसाने जो शब्द ऐकलेला असतो, त्याच्यापुढे छातीतली कळ ती काय टिकणार? लवकरच भोंगा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरू लागली: “नागरिकांनो, उगाच घराबाहेर पडू नका, उगाच दवाखान्यात गर्दी करू नका, आणि डॉक्टरांना उगाच त्रास देऊ नका.” सगळे एका दमात.

परिणाम थक्क करणारा होता. रुग्णालयात येणारे हृदयविकाराचे झटके निम्म्यावर आले. याची कारणे शोधायला नेमलेल्या समितीला तीन सापडली: हवा स्वच्छ झाली, जेवण घरचे झाले आणि वरिष्ठांचे तोंड रोज पाहावे लागेनासे झाले. (एका सदस्यांनी चौथेही कारण सांगितले, पण त्यांचा माईक बंद असल्याने फक्त ओठ हलताना दिसले, आणि त्याची नोंद ‘सहमती’ अशी झाली.) घरच्या घरी गेलेल्यांच्या नावापुढे ‘झोपेत, शांतपणे’ असे लिहिण्याची पद्धत होती. शहरात इतकी शांतता पूर्वी कधीच नव्हती.

अशा निरोगी वातावरणात एके सकाळी उद्घोषक दाढी करत होते. (मास्कखाली दाढी कोण बघतो, हा विचार त्यांना मान्य नव्हता.) अर्धा गाल झाला आणि छातीवर कोणीतरी भरलेला सिलिंडर आणून ठेवल्यासारखे झाले. सिलिंडरवरूनच सुचले असेल, त्यांनी निदान केले: गॅस.

यात त्यांचे काही चुकले नाही. घरोघरी मान्य असलेल्या क्रमानुसार छातीतले दुखणे आधी गॅस असते, नंतर पित्त, नंतर ‘रात्री वाकडे झोपला असाल’, नंतर ‘परवा ती बादली उचलायला कोणी सांगितली होती?’, आणि एवढ्या पायऱ्या उतरूनही ते शिल्लक राहिलेच, तर हृदय. उद्घोषक पहिल्या पायरीवर होते. बायको मात्र त्यांचा चेहरा पाहून थेट शेवटच्या पायरीवर जाऊन पोहोचली.

“अहो, घाम बघा किती आलाय. चला, दवाखान्यात जाऊ.”

“उगाच कशाला?”

“आरशात बघा जरा स्वतःकडे.”

“बघतोच आहे. अर्धी दाढी राहिलीय.”

तेवढ्यात खालून गाडी गेली. ‘डॉक्टरांना उगाच त्रास देऊ नका’ हे शब्द खिडकीतून आत आले, तसे उद्घोषक एक हात छातीवर ठेवून ताठ उभे राहिले. डावा हात आता खांद्यापासून जड झाला होता.

“ऐक, काय सांगतायत.”

“सांगतायत कोण? तुम्हीच की! तुमच्या बोलण्याला या घरात आजवर कोणी एवढा मान दिलाय का? मग तुम्हीच कशाला देताय?”

“तो मी नाही. ते प्रशासन आहे.”

“मग प्रशासनाला सांगा, तुमचा बनियन चिंब झालाय.”

तिने पित्ताची गोळी दिली, पाठ चोळली, वाट पाहिली, पुन्हा म्हटले, पुन्हा ‘उगाच’ ऐकले. उन्हे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली तेव्हा तिने त्यांना न विचारता हेल्पलाइनला फोन लावला. फोनवर आधी घोषणा वाजली: “नागरिकांनो, उगाच फोन करून लाईन अडवू नका.” तिने फोन कानापासून लांब धरला. नवऱ्याने तिला एकाच वेळी दोन ठिकाणांहून गप्प बसवण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग एक मुलगी बोलू लागली. तिच्यासमोर प्रश्न ठरलेल्या क्रमाने होते.

“ताप?”

“नाही. त्यांच्या छातीत...”

“खोकला?”

“नाही हो!”

“वास येतोय?”

“कसला?”

“कसलाही.”

बायकोने विचारून सांगितले, “दाढीच्या साबणाचा येतोय.”

“दम लागतोय?”

उद्घोषकांनी हयातीत चुकीची घोषणा केली नव्हती. ते खुर्चीतून म्हणाले, “थोडा.”

“दम लागतोय म्हणजे साथीचे संशयित,” मुलगी म्हणाली. “छातीत दुखणं माझ्याकडे नाहीये, मॅडम.”

“तुमच्याकडे नाहीच आहे, बाई! यांच्याकडे आहे!”

रुग्णवाहिका मंजूर झाली, पण संशयितांची. या गाडीला प्रत्येक फेरीनंतर फवारून वाळवावे लागे, आणि चालकाला डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख चढवावा लागे. त्याला लागणारा वेळ नवरदेवाला लागतो त्याहून थोडा जास्त असतो. शिवाय बंद केलेल्या रस्त्यांमुळे तिला वळसा घालून यावे लागले आणि तसाच वळसा घालून परत जावे लागले.

रुग्णालयाला दोन दारे केलेली होती. एकावर ‘साथ’ आणि दुसऱ्यावर ‘इतर’ असे लिहिले होते. हृदय ‘इतर’मध्ये येत असे. दारावरच्या रखवालदाराने उद्घोषकांच्या कपाळावर तापमापक रोखला आणि ठरलेला प्रश्न विचारला.

“दम लागतोय का?”

“नाही!” बायको चटकन म्हणाली.

“थोडा,” उद्घोषक म्हणाले.

“जन्मात एकदा खोटं बोलायची वेळ आली,” बायको म्हणाली, “तर तेवढंही जमू नये या माणसाला!”

खाट ‘साथ’च्या दारातून आत गेली आणि बायको बाहेर राहिली. आतला नियम असा, की हृदयात तार घालण्यापूर्वी नाकात काडी घालणे बंधनकारक आहे, आणि काडीचा निकाल संध्याकाळी येतो. त्यानुसार हृदयाला संध्याकाळपर्यंतची मुदत देण्यात आली.

ती मुदत एका डॉक्टरबाईंनी मोडली. पोशाखात सगळे सारखेच दिसत असल्याने त्यांच्या पाठीवर जाड पेनाने ‘हृदय’ असे लिहिले होते. त्यांनी हृदयाच्या आलेखाची पट्टी पाहिली, एकदा उद्घोषकांच्या अर्ध्या दाढीकडे पाहिले आणि निकालाची वाट न पाहता इंजेक्शन भरायला घेतले.

“तार घालायची खोली आधीच्या पेशंटनंतर हवा बदलेपर्यंत बंद आहे. गुठळी विरघळायचं औषध देतेय. किती वेळ दुखतंय?”

“सकाळी... दाढी करताना सुरू झालं.”

“आणि आता येताय? इतका वेळ काय करत होतात?”

“म्हटलं, उगाच...”

डॉक्टरबाईंचा हात क्षणभर थांबला.

“ती गाडी! तो बोलणारा माणूस एकदा भेटू दे मला. काय आवाज आहे मेल्याचा! ऐकलं की वाटतं, आपलं जगणंच उगाच आहे.”

उद्घोषकांनी डोळे मिटले. इतका मोकळा अभिप्राय त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

ते वाचले. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मात्र वाचला नाही. “लवकर आला असतात तर” असे वाक्य डॉक्टरबाईंनी सुरू केले आणि तिथेच सोडून दिले. काडीचा निकाल आला, त्यात साथ नव्हती. नातेवाइकांचे फोनवर फोन येऊ लागले. “साथ नाही ना? फक्त हार्टच ना? चला, सुटलात!” एका साडूंनी तर अभिनंदन केले. बायकोनेही त्यांचे, बहिणीच्या नवऱ्याचे करता येईल तेवढे, अभिनंदन केले आणि फोन ठेवला.

गेला तो दम. ‘चहा दे’ हे उद्घोषकांना एका श्वासात म्हणता येई. ‘चहा दे, साखर कमी’ म्हणायचे तर मध्ये थांबा घ्यावा लागे.

यथावकाश समितीच्या लक्षात आले, की झटके घटलेले नसून फक्त घरीच राहिलेले आहेत. तातडीने नवी घोषणा तयार झाली: ‘नागरिकांनो, छातीत दुखत असल्यास उगाच घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात या.’ आरोग्य अधिकारी स्वतः घरी आले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, “आवाज तुमचाच हवा. लोकांचा त्यावर विश्वास आहे.”

“हे तरी नीट म्हणा,” बायको त्यांच्या शर्टाची बटणे लावत म्हणाली. “तुमच्या त्या शब्दापायी किती जण घरात बसून राहिले असतील. निदान उरलेल्यांना तरी बाहेर काढा.”

उद्घोषक मनापासून बोलायला माईकसमोर उभे राहिले. “नागरिकांनो, छातीत दुखत असल्यास उगाच...” इथे दम संपला. पुन्हा घेतले. पुन्हा ‘उगाच’पाशी संपला. पाणी पिऊन, बसून, भिंतीला टेकून घेतले. प्रत्येक वेळी वाक्य त्याच थांब्यावर बंद पडे आणि पुढची गाडी सुटत नसे. शेवटी ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला त्यांची दया आली.

“काका, नका त्रास घेऊ. तुकडे जोडतो मी. आणि ‘उगाच’ जुन्यातलाच घेतो. काय दणदणीत आहे तो!”

अशा रीतीने घोषणा सिद्ध झाली. ‘छातीत दुखत असल्यास’ धापेत, खोल गेलेले. मग जुना, भरदार, घरंदाज ‘उगाच’. आणि त्यापुढे ‘घरी थांबू नका, लगेच या’, पुन्हा पुटपुटल्यासारखे.

गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा उद्घोषक आणि त्यांची बायको खिडकीत उभे होते. समोरच्या घरातले एक शेजारीही आपल्या खिडकीत होते. त्यांचा तळहात छातीच्या मधोमध होता आणि कपाळ चमकत होते. गाडी त्यांच्या खाली आली. भोंगा पुटपुटला, मग ‘उगाच’ खणखणीत वाजला. शेजाऱ्यांनी ओळखीच्या आवाजाला मान डोलावली, समजूतदारपणे खिडकी लावली आणि पडदा ओढून घेतला.

“अहो, ओरडा ना!” बायको म्हणाली.

उद्घोषकांनी तोंड उघडले. तिनेच मग चप्पल न घालता जिना गाठला.

आता वाचकांना असा प्रश्न पडेल, की हीच बाई त्या सकाळी फोन, गाडी आणि दार यांच्या नादी न लागता नवऱ्याला सरळ हाताला धरून का घेऊन गेली नाही? प्रश्न रास्त आहे. फक्त, हे वाचता वाचता ज्यांनी एकदा तरी बरगडीखाली हळूच दाबून पाहिले आणि ‘काही नाही’ म्हणून पुढचा परिच्छेद घेतला, त्यांनी तो विचारू नये.

रुग्णालय उद्घोषकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असे.