कॅनडाच्या अंगणातला पाइप

सकाळी उपाशीपोटी, चहाच्याही आधी, शेजाऱ्याच्या घरी जाऊन प्लॅस्टिकच्या पाइपात मुरवलेलं पाणी पिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. आणि ते पाणी मला पाजणारे आमचे वानखेडेसाहेब.

"घोट तोंडात फिरवा. लगेच गिळू नका, बाप्पा," असं म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात. मुलगी दाखवून झालेला बाप पाहुण्यांकडे बघतो, तसे. या कामी माझीच निवड का, तर मी पान-तंबाखू खात नाही. आयुष्यभर सांभाळलेल्या सद्गुणाचं हे फळ.

वानखेडेसाहेब मूळचे अमरावतीकडचे. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, गावोगावी जमिनीखालून नळ टाकण्यात. निवृत्त झाले आणि पाठोपाठ बायको गेली. तेव्हा मुलगा प्रशांत इथे खराडीत आयटीत होता. त्याने वडिलांना आपल्या फ्लॅटवर आणलं. त्यांना लिफ्टचं बटण कुठलं दाबायचं ते कळू लागतंय तोवर कंपनीने प्रशांतलाच कॅनडाला धाडलं. आता बाप खराडीत, मुलगा बर्फात आणि मध्ये रविवारचा एक व्हिडिओ कॉल.

तिकडे प्रशांतने घर बांधायला काढलं. त्या देशात म्हणे अंगण खोल खणतात, त्यात पाइप पुरतात, पाणी फिरवतात आणि जमिनीच्या पोटातली ऊब घरात आणतात. शिवाय बोअरचं प्यायचं पाणी आणायला वेगळा पाइप. एका रविवारी तो सहज म्हणाला, "बाबा, पाइप कोणता घेऊ?" झालं. निवृत्तीनंतर ज्या माणसाला कुणी किती वाजले हेही विचारलं नव्हतं, त्याला हा प्रश्न.

तेव्हापासून लोक जिथे तुळस ठेवतात त्या गॅलरीत वानखेडेसाहेबांचे पाइप उन्हं खात पडलेले असतात. काळे, पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. प्रत्येकात पाणी भरून दोन्ही तोंडं बंद केलेली. पांढरा थंडीत तडकेल, म्हणून त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही. काळा बरा, पण त्याच्या पाण्याला वास येतो का, हा प्रश्न. कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं शेवटचं मत एकच असतं, "हा दगा देईन." पाइप, लिफ्ट, सोसायटीचा चेअरमन, चहात बुडवलेलं बिस्कीट, सगळ्यांना ते लागू.

बरं, वास ओळखायचा तर पाणी तरी बिनवासाचं हवं. आमच्या इमारतीला नळ नाही, टँकर येतो. त्या पाण्याला मुळातच इतका वास की पाइपावर आळ घेणं अन्याय. मग साहेब बसने जुन्या गावात, कसबा पेठेत जायचे आणि माझ्या मावसभावाच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे. उभ्या आयुष्यात लोकांना नळ दिले आणि म्हातारपणी पाण्यासाठी कॅन घेऊन बसमध्ये उभे. मला ते बघवत नसे, पण त्यांना त्यात काही वाटत नसे.

एकदा त्यांच्याबरोबर मीही पाइपाच्या दुकानात गेलो. साहेबांनी तुकडा उचलला, डोळे मिटले आणि नाकाला लावला. दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "अहो, पाइप आहे तो. अगरबत्ती नव्हे." साहेबांनी शांतपणे दुसरा तुकडा हुंगायला घेतला.

हिवाळ्याची परीक्षा आमच्या फ्रीझरमध्ये व्हायची, कारण त्यांचा फ्रीझर आधीच पाइपांनी भरला होता. आमच्या हिला मटारच्या पिशवीमागे हातभर पाइप सापडला, त्या दिवशी आमच्या घरातली थंडी कॅनडाच्या तोडीची होती.

आणि मग मागच्या रविवारी दुपारी प्रशांतचा मला फोन आला. "काका, अ‍ॅक्च्युअली पाइप गेल्या समरलाच टाकून झालाय."

"कोणता?" मी विचारलं. सवय.

"मला कुठे माहीत? कॉन्ट्रॅक्टरकडे होता तो टाकला. बाबा इतके हौसेने शोधतायत, मला सांगवेना. तुम्ही सांगाल का हळूच?"

मी फोन ठेवला आणि आधी मला संताप आला. किती सकाळी, किती घोट, सगळे त्या पुरून टाकलेल्या पाइपासाठी. मग म्हाताऱ्याचं तोंड आठवलं आणि पाय उचलेना. तरी गेलो.

ते एका नव्या तुकड्याच्या तोंडाला रबर लावत होते. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी रबर नीट बसवून घेतलं.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "जानेवारीत फोनवर दिसला न. खिडकीबाहेर बर्फ अन् पोरगं नव्या घरात बनियनवर फिरत होतं. म्हटलं, पाइप चालू झाला."

"मग हे सगळं कशासाठी?"

"पाइप संपला त मंग तो माह्याशी काय बोलन? याच्या आधी 'जेवले का' अन् 'हो', एवढंच होतं. त्याची माय होती तवा तीच बोले. आम्हा दोघांले दुसरं काही जमतच नाही."

मला फार वाईट वाटलं. प्रशांतवर रागवावं तर त्याने तरी वेगळं काय केलं होतं? दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यात दोघंही एकटेच होते.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणता टाकला, बोलला काही?"

"काळा," मी म्हणालो. "तुम्ही म्हणत होता तोच."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "जोड गरम करून, वितळवून दिले, का नुसतं कपलिंग आवळून भागवलं?"

इतकं खोटं माझ्याजवळ तयार नव्हतं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता उकरून थोडंच पाहता येते."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला आणि पडद्यावरच्या मुलाला म्हणाले, "हं, बोल प्रशांत. पाइपाचं अजून माह्यं नक्की व्हायचं आहे."