घरभर शेअर झालेली झोप

दुपारची झोप ही मला येणारी एकमेव कला आहे. बाकीच्या कलांत मी हात घालून पाहिला आणि जसा घातला तसाच बाहेर काढला. झोप मात्र अंगातच आहे. रविवारी जेवण झालं की मी पलंगावर खिडकीकडच्या बाजूला आडवा होतो. वाऱ्यानं फुगलेला पडदा माझ्या पोटावर येऊन टेकतो आणि परत जाताना मलाही थोडा सोबत घेऊन जातो. कुठं नेतो ते मला आजवर नीट कळलेलं नाही, पण तिथं फायली नसतात एवढं नक्की. (मी नळजोडणीच्या कार्यालयात कारकून आहे. दिवसभर समोर येणाऱ्या कागदांवर 'मंजूर' असा शिक्का मारतो. वाचून मारतो, असं मी साहेबांना सांगितलेलं आहे.)

तर खिडकीकडच्या या जागेवरच एक दिवस गदा आली.

"तुम्ही घोरता," ही म्हणाली.

"मी? मी घोरत असतो तर सगळ्यात आधी मलाच ऐकू आलं असतं. डोकं माझ्याच उशीवर असतं."

"काल शेजारीण विचारत होती, आपल्याकडे फर्निचरचं काम काढलंय का म्हणून. हे थांबलं नाही, तर तुमची रवानगी बाहेरच्या दिवाणावर."

बाहेरच्या खोलीतला दिवाण पाहुण्यांनी फार वेळ बसू नये अशा बेतानं बनवलेला आहे. त्यावर माणूस गुडघ्यांपर्यंतच मावतो. उरलेल्या पायांची सोय ज्याची त्यानं बघायची. शिवाय तिथं पडदा नाही, वारा नाही, दाराची घंटा मात्र कानाशी आहे. माझी खिडकी जाणार या कल्पनेनंच मला गलबलून आलं.

पुराव्याशिवाय आमच्या ऑफिसात पान हलत नाही, म्हणून मी पुरावाच गोळा करायचं ठरवलं. पुढच्या रविवारी फोन रेकॉर्डिंगला लावून उशाशी ठेवला आणि झोपलो. संध्याकाळी ही भाजी आणायला गेल्यावर ऐकायला बसलो. पंख्याची घरघर, पडद्याची फडफड, मधूनच एखादा समाधानी उसासा. इतकं शांत, इतकं गोड वाटलं, की ऐकता ऐकता मला झोप लागली. जाग आली तेव्हा रेकॉर्डिंग संपलं होतं. घोरण्याचा एकही आवाज माझ्या कानी पडलेला नव्हता. मी त्याला 'पुरावा' असं नाव देऊन ठेवलं.

पण तो सादर करायच्या आत मेहुणी तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली, पाठोपाठ मदतीला म्हणून सासूबाई आल्या, आणि घरातून झोप नावाची गोष्टच उठून गेली. महाराज (हे बाळाचं घरातलं नाव) झोपायला तयार नव्हते. त्यांना मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, सगळीकडे घालून पाहिलं. घरातली माणसं पाण्याखाली चालल्यासारखी चालू लागली. सासूबाईंनी चहा गाळला तो साखरेच्या डब्यात. हिनं दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि स्वतःचा फोन फ्रीजमध्ये. तो कुणी शोधलाही नाही. इतकं आठवण्याचं त्राण कुणातच नव्हतं.

"भावोजी, अंगाईगीतं नाहीत का हो कुठं?" मेहुणीनं डोळे मिटूनच विचारलं.

होती की. काही जुन्या कॉम्प्युटरवर, काही माझ्या फोनमध्ये, काही सासूबाईंच्या टॅबमध्ये. पण गाणं ज्या खोलीत असायचं तिथं महाराज नसायचे. तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर एकत्र करून घरातल्या सगळ्या यंत्रांना वाटून टाकायचं, असं मी ठरवलं. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं की, एका वायफायवरची यंत्रं एकमेकांचं सगळं वाजवू शकतात, फक्त परवानगी द्यावी लागते. परवानगी देणं हा तर माझा पेशा. स्क्रीननं विचारलं, फोनमधलं सगळं शेअर करायचं का? मंजूर. एका ठिकाणी लावलेलं सगळीकडे वाजवायचं का? मंजूर. हे कायम असंच ठेवायचं का? (इथं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं.) मंजूर.

रविवारी दुपारी मी तिघींना दिवाणावर बसवलं. आतल्या खोलीत महाराजांचं रडणं चालूच होतं. तिथं टॅब ठेवून आलो होतो.

"आधी गाणं लावा," ही म्हणाली.

"आधी माझा निकाल लागू दे," मी म्हणालो आणि टीव्हीवर 'पुरावा' लावला.

पंख्याची घरघर सुरू झाली. पडद्याची फडफड झाली. मी हिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"ऐकलंस? यात घोरणं कुठंय?"

"थांबा जरा," ही म्हणाली.

आणि मग ते आलं. कुणीतरी शिसवी कपाट एकेक पायरी ओढत जिन्यावरून वर नेतंय, वर पोचल्यावर हुश्श करून बसतंय, आणि पुन्हा खाली उतरून दुसरं कपाट उचलतंय. टीव्हीतून आलं, पलंगाजवळच्या स्पीकरमधून आलं, महाराजांच्या खोलीतून आलं. स्वयंपाकघरातून जरा गार आवाजात आलं, तेव्हा हिला आपला फोन कुठं आहे ते कळलं.

"जावईबापू, यंत्र बिघडलं वाटतं," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"नाही आई," ही म्हणाली. "हे असेच आहेत."

मी बंद करायला धावलो, एवढ्यात मेहुणीनं हात वर केला. रडणं थांबलं होतं. ती चवड्यांवर आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भावोजी, झोपलाय. मुठी उघड्या टाकून झोपलाय."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते घडलं असं नाही, हळूहळू पसरलं. सासूबाईंची मान कलली. मेहुणी दिवाणाच्या कडेला तशीच लवंडली. ही आत पलंगावर जाऊन पडली. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत भिंतीवर चढला, आणि सगळं घर माझ्या श्वासाबरोबर संथपणे वरखाली होऊ लागलं. मी एकटा जागा, खोल्याखोल्यांतून फिरत माझीच झोप ऐकत होतो. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. माझ्यामुळे कुणाला इतका आराम मिळाल्याचं ऑफिसात किंवा घरात ऐकिवात नव्हतं.

त्या भरात मी दुसऱ्या दिवशी म्हणालो, "रेकॉर्डिंग कशाला? मी प्रत्यक्षच झोपतो की बाळाजवळ."

महाराजांनी माझ्या मिशा पाहिल्या आणि गल्ली जागी केली.

"भावोजी," मेहुणी संकोचून म्हणाली, "रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही जास्त मायाळू वाटता."

मग एक नवीनच अडचण निघाली. मी पलंगावर झोपलो की शेजारच्या खोलीत माझी दोन घोरणी पोचायची, एक टॅबमधलं आणि एक भिंतीपलीकडचं. त्यांचा ताल जमेना. महाराज गोंधळून उठायचे. दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागणार, असं तिघींनी एकमतानं ठरवलं.

"म्हणजे रेकॉर्डिंगला ना?" मी विचारलं. सासूबाईंनी उठून दिवाणावरची धूळ झटकली.

पुढच्या रविवारी मी दिवाणावर, गुडघ्यांपर्यंत, पडून होतो. झोप काही येईना. आतून माझी झोप मात्र छान लागल्याचं ऐकू येत होतं. शेवटी राहवेना. उठलो आणि हळूच आत गेलो. पडदा भरून येत होता आणि हलकेच परत जात होता. खिडकीकडच्या बाजूला, माझ्या उशीवर, स्पीकर ठेवला होता आणि त्याच्यावर हिनं निम्मी चादर ओढली होती.

"अगं," मी म्हणालो, "जरा सरकतेस का?"

तिनं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "हे आत्ताच झोपलेत."

मी चपला हातात घेतल्या आणि दाराचा आवाज होणार नाही अशा बेतानं बाहेर आलो.