बाळूचा प्रवेशअर्ज

ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, त्याच्या नावाने प्रवेशाचा अर्ज भरणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे आहेरकाका.

नाशिकरोडच्या आमच्या माती-तपासणी प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर काकांच्या ताब्यात. तपासणीचे अहवाल एका सामायिक फोल्डरमध्ये जमा होतात. काकांच्या मशीनमध्ये पडद्याआड चालणारा एक प्रोग्रॅम ते उचलून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवतो. त्याला काका बाळू म्हणतात. बाळू रजा घेत नाही, सारखा चहाला उठत नाही, हे ते मला रोज ऐकवतात. टोमणा कुणाला, ते मला कळतं.

हा बाळू इतकी वर्षं काकांच्याच नावाने आणि पासवर्डने फोल्डरमध्ये शिरायचा. पण शुक्रवारी काका निवृत्त होणार, त्यांचं नाव बंद होणार. मग बाळू दाराबाहेर, आणि सायखेड्याचे द्राक्षवाले फोन करून माझं डोकं खाणार.

मी म्हटलं, माझं नाव घाला. काका भडकलेच.

"ताई, दुसऱ्याच्या नावावर किती दिवस काढायचे त्यानं? त्याला स्वतःचं नाव पाहिजे."

आमच्याकडे फोल्डरचा प्रवेश कागदी अर्जावर, चार सह्यांनी मिळतो. काकांनी अर्ज इमानेइतबारे भरला. रक्तगट: लागू नाही. परवानगी: फक्त वाचण्याची, पुसण्याची नको. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तो फोटो नाही म्हणून परत पाठवला. काकांनी मशीनचा फोटो चिकटवला. पुन्हा परत आला, जबाबदार व्यक्ती कोण म्हणून. तिथे मी सही केली. काका चिकाटीने टेबलामागून टेबल फिरले आणि शुक्रवारी दुपारी चौथी सही घेऊनच आले. लगेच बसून त्यांनी बाळूला नवं नाव लावून दिलं.

चार वाजता शाल-श्रीफळ झालं, काकांचं नाव बंद झालं, ओळखपत्रही जमा झालं. तरी ते जाईनात. शाल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. पाचचा अहवाल निघायचा होता. काका हळवे झाले की थेट सटाण्याच्या अहिराणीत शिरतात. खिडकीतून विचारलं, "ताई, तो मझार गया का?"

आत गेला, म्हटलं. सायखेड्याला अहवालसुद्धा पोचला.

काकांनी शालीची घडी घातली, पण उठले नाहीत. काकू गेल्यापासून घरी त्यांची वाट पाहणारं कुणी नाही, हे मला तेव्हा आठवलं आणि वाईट वाटलं.

"सोमवारी फोन केला तर चालंल ना? त्याची खुशाली विचारायला."

रोज करा, म्हटलं.