वामन गुरुजीचा तापलेला कंप्यूटर

वामन गुरुजी कुणाच्याही घरी गेला की रामराम करायच्या आधी हात लावून पाहतो. पंप गरम आहे का, भिंत गरम आहे का, फ्रीजची पाठ गरम आहे का. एकदा माझ्या म्हशीच्या कपाळालाही हात लावला. म्हणाला, "मिस्त्री, हिले सावलीत बांधा." म्हैस सावलीतच होती.

आम्ही दोघं एकाच गावचे. गाव धरणात गेलं, आम्ही इचोड्याला आलो. तो शाळेत मास्तर झाला, मी सडकेवर ट्रकची रेडिएटरं दुरुस्त करत बसलो. मी तिसरीत शाळा सोडली, कंप्यूटरचं मला कळत नाही. पण रिटायर झाल्यावर त्यानं जे आरंभलं ते कळतं. बुडालेलं गाव तो कंप्यूटरवर उभं करतो. एकेक घर, असं की पडद्यावर गल्लीतून चालत जाता यावं. गावातले म्हातारे चाललेत. ज्यांना आठवतं ते आहेत तोवर पुरं करायचं, हा त्याचा हट्ट.

अडचण एकच. घरं वाढली तसा आतला प्रोसेसर तापायला लागला. तेच कंप्यूटरचं डोकं, गुरुजी सांगतो. मारुतीच्या देवळापर्यंत आलं की खटकन बंद. शेजारची लक्ष्मीबाई ओरडायची, "गुरुजी, ताप आला असंल, पट्ट्या ठेवा!"

"गरम झालं हाये बाई, मेलं नाई!"

मग त्यानं भंगारातल्या पाणी गार करायच्या मशीनमधून बिस्किटाएवढी पांढरी पाटी काढली. वीज दिली की तिची एक बाजू गार, दुसरी गरम. गार बाजू त्यानं प्रोसेसरवर बसवली. पाटी इतकी गार झाली की तिच्यावर दव धरलं. पाणी टिपायला या कास्तकाराच्या पोरानं काय करावं? घरचा कापूस कोंबला! कापूस भिजला, पाणी खाली कंप्यूटरच्या बोर्डावर उतरलं, धूर निघाला.

मी म्हटलं, "कापूस पाणी धरून बसते, गुरुजी. काऊन कोंबला?"

"घरात तोच होता."

तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी नवा बोर्ड मागवला.

माझी बायको गेल्यापासून मी दुकान बंदच ठेवलं होतं. त्या दिवशी उघडलं. कंप्यूटर कळत नसला तरी गरमी कुठून कुठं जाते ते मला कळतं. त्याला सांगितलं, "पाटी डोक्यावर ठेवू नका. पाटीनं पाणी थंड करा, अन् ते पाणी नळीतून डोक्यावर फिरवा. जास्त गार नाई करायचं, म्हणजे दव धरणार नाई." पाटीच्या गरम बाजूला दुसरं पाणी दिलं, ते रेडिएटरमधून फिरवलं, पुढे पंखा लावला. सांधे मी झाळले. दोन वेळा गळालं. तिसऱ्यांदा नाही.

मशीन सुरू झालं. पडद्यावर मारुतीचं देऊळ मागे गेलं, बुद्धविहार गेला, विहीर गेली. दुपार झाली तरी बंद पडलं नाही. मग गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आली.

"इथं तर माझं घर. कुठं हाये?" मी विचारलं.

"तुमचंच बाकी हाये," गुरुजी खाली पाहत म्हणाला. "वहिनी गेल्या, मंग विचारायची हिंमत नाई झाली. ओसरीवर कुठं बसत?"

"डाव्या खांबाला टेकून. खांबावर तिच्या केसाच्या तेलाचा डाग होता."

"किती उंचीवर?"

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि तिचं डोकं कुठं यायचं ते हातानं दाखवलं. गुरुजी टेप घेऊन आला. मी हात बोटभर वर नेला, परत खाली आणला.

तो टेप धरून बाजूला बसला. म्हणाला, "घाई नाई, मिस्त्री. मशीन आता थांबत नाई."