तुरीच्या चार उपाशी ओळी

मौद्याच्या दादाजींनी चहाच्या टपरीवर जाहीरच करून टाकलं, "यंदा माह्या तुरीचा अन् माहा फोटो पेपरात येते! लिहून घ्या!"

कृषी सहायक नंदिनी मॅडमनी फूलगळ थांबवणाऱ्या संजीवकाच्या प्रयोगासाठी त्यांचंच वावर निवडलं होतं ना! "काका, फवारणीच्या दर पंपाला झाकणाच्या पहिल्या रेघेपर्यंतच औषध," मॅडमनी बजावलं. "आणि बांधाकडच्या चार ओळींवर काहीच मारायचं नाही. लोकांना फरक दिसला पाहिजे."

मॅडमची गाडी वळली नाही तोच दादाजींनी बाटली उचलली. "एवढुशानं काय होते? तुरीचा घसा तरी ओला होईन काय!" आणि दर पंपात तीन-तीन झाकणं, गच्च भरून!

मग दादाजी वावराकडे फिरकलेच नाहीत; औषध होतं ना! दीड महिन्यानं प्रयोग दाखवायचा शेतीदिन उगवला. मांडव पडला, तर्रीपोह्यांचा वास सुटला, साठ माणसं जमली. दादाजी लग्नातला कोट घालून पुढे, गाव मागे. वावरात शिरले आणि दादाजींचे पायच थांबले.

औषधाच्या ओळींत शेंगा शोधाव्या लागत होत्या! अन् त्या चार ओळी? शेंगांनी लगडून पार वाकलेल्या!

"वा गा दादाजी!" शेजारचा विक्की ओरडला. "औषध न मारल्यानं पीक जोरात! मंग आमी दरसाल तेच तर करून राहिलो!"

काय हशा पिकला! मॅडमचा चेहरा पडला. ऐन थंडीत दादाजी कोटात घामाघूम झाले. आता टपरीवर कोणत्या तोंडानं जायचं?

तेवढ्यात दादाजींची बायको देवकीकाकू तर्रीचा डाव हातात घेऊनच पुढे आल्या. "मॅडम, त्या चार ओळींवर म्या मारलं. हे जेवून लवंडले तवा."

"काहून वं?" दादाजी किंचाळले.

"काहून म्हणजे? पंगतीत सगळ्यायले वाढाचं अन् चौघायले उपाशी ठेवाचं? मले नाही जमत!"

"काकू, किती टाकलं?" मॅडमनी विचारलं.

"तुमी सांगतलं तेवढंच. पहिल्या रेघेवर."

"आणि काका, तुम्ही?"

दादाजी आभाळ न्याहाळू लागले. "तीन झाकणं. जरासं मायेनं."

"अहो काका, जास्त झालं की त्याच औषधानं फुलं गळतात!" मॅडमना हसू आवरेना. "आता माप पाळल्याचा फरक दाखवते सगळ्यांना!"

पेपरात फोटो आला. मधोमध देवकीकाकू, हातात डाव, मागे लगडलेल्या चार ओळी. कोपऱ्यात कोटाची एक बाही.

दादाजींनी टपरीवर पेपर पसरला आणि ऐटीत म्हणाले, "अरे, त्या चार ओळी मी सोडल्या कायले होत्या? तिच्यासाठीच तर!"