थंड देशाच्या बियांचे मोड

रत्नाबाईंना वॉकर सोडायला लावायचाच, असं अण्णांनी ठरवलं. (ठरवणं ही त्यांची जुनी खोड.) गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तरी अमेरिकेत नेपरव्हिलला मुलीच्या घरी त्या खुर्ची ते पलंग एवढ्याच फिरत. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन वाढवा." रत्नाबाई अंड्याला शिवेनात, पावडरीला नाक मुरडत.

मग शैलजाने हेम्पच्या बिया आणल्या.

"ही भांगच ना गं?" रत्नाबाईंनी डोळे वटारले.

"भांगेची बहीण, आई. नशा नाही हिला. तीन चमच्यांत दहा ग्रॅम प्रोटीन!"

"कॅनडात ग्रो करतात, आजी, थंडीत," नात अनिका पाकीट वाचत म्हणाली. "गुड फॅट्स पण आहेत."

"मग तुम्हीच खा."

अण्णांनी पाकीट आपल्याकडे ओढलं. मोड आलेली मटकी बायको आवडीने खाते, हे त्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. दुपारी त्यांनी वाटीभर पांढऱ्या, मऊ बिया भिजवल्या, आपल्या धुतलेल्या पंच्यात बांधल्या आणि बंद ओव्हनमध्ये उबेसाठी नुसता आतला दिवा लावून ठेवल्या. दोन दिवस गेले. मोड नाहीत, वास मात्र आला.

'गार देशाचं बी,' अण्णांना वाटलं, 'उबेने गुदमरलं असणार.' गाठोडं स्वच्छ धुऊन त्यांनी बाहेर लाकडी डेकच्या कठड्याला, बर्फात टांगलं.

सकाळी खिडकीशी बसलेल्या रत्नाबाई ओरडल्या, "अहो, खार! तुमचा पंचा फाडला मेलीने!"

खार दोन्ही हातांनी बिया खात होती. (तिला प्रोटीनचं महत्त्व कुणी सांगावं लागलं नाही.) अण्णांना चपला सापडेपर्यंत रत्नाबाई दारापाशी पोचून काचेवर थापा मारत होत्या. वॉकर खुर्चीपाशीच होता.

"अगं, तू चाललीस!" अण्णांचे डोळे भरून आले.

"ते राहू द्या. कसलं गाठोडं ते?"

"त्या बिया. तुझ्यासाठी मोड आणत होतो."

रत्नाबाई बघतच राहिल्या. "अहो, सोललेल्या बिया त्या! जन्मभर डाळ खाताय, कधी मोड आले डाळीला?"

अण्णांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

रत्नाबाई हसत हसत खुर्चीत टेकल्या. संध्याकाळी त्यांनी पाकिटात उरलेल्या बियांची लसूण घालून झणझणीत चटणी करवून घेतली आणि भाकरीबरोबर दोनदा मागितली.

"उद्याची चटणी मी करतो," अण्णा हळूच म्हणाले.

"नको. तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाचं बघा."

काचेपलीकडे खार येऊन बसली होती.